आमचे हे आणि अठरा खुर्च्या

आमचे हे दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी सिनेमे काढतात. ना धड लहान, ना धड मोठी, अशा कार्ट्यांसाठी. आणि स्वतःचा एकही सिनेमा ह्यांनी आजवर पाहिलेला नाही. थापा नाही मारत! शूटिंगलासुद्धा कॅमेऱ्याकडे पाठ करून बसतात आणि बघायला जमलेल्या पोरांची तोंडं न्याहाळतात.

सिनेमा तयार झाला की आमच्या पुढच्या खोलीत अठरा लाकडी खुर्च्या मांडायच्या आणि अठरा पोरं बसवायची. हे त्यांच्याकडे तोंड करून आपल्या वेगळ्या खुर्चीवर, हातात घड्याळ आणि वही. खुर्ची करकरली म्हणजे पोर कंटाळलं, असा ह्यांचा हिशोब. जिथे पाचाहून जास्त करकरल्या, ती मिनिटं लिहून संकलकाला द्यायची, "काप!" मागचा सिनेमा कापता कापता चार मिनिटांचा उरला. त्यात एक बकरी जिना चढते. त्याला बक्षीस मिळालं मेलं!

बकरीचं कौतुक झालं, माझं काय? अकरा सिनेमांत कामं केली, अकराही वेळा कापली गेले. सातव्यात तेवढं माझं कोपर राहिलंय. माहेरच्यांना ते मी तीनदा दाखवलं.

बाराव्यात मी आत्या होते. हरवलेलं कासव परत येतं आणि पायरीवर मटार सोलत मी त्याला सात मिनिटं झापते. जीव ओतला होता हो त्यात! हेही कापलं असतं तर पुन्हा तोंडाला रंग लावणार नव्हते. मग काय, आदल्या दिवशी तेलाची बाटली घेतली आणि अठराच्या अठरा खुर्च्यांच्या सांध्यांत तेल सोडलं. ह्यांची तेवढी राहिली. हे तिच्यावरून उठतील तेव्हा ना!

दुसऱ्या दिवशी एक खुर्ची वाजेल तर शपथ. ह्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "अगं, एक मिनिटही कापायचं नाही!"

थिएटरातल्या पहिल्या खेळाला हे घरची आपली ती वेगळी खुर्ची डोक्यावर घेऊन आले आणि पडद्याखाली पोरांकडे तोंड करून बसले. पायरी आली, मटार आले, आणि पहिलं पोर पाणी प्यायला उठलं. मग दुसरं. मग रांगच लागली. तिसऱ्या मिनिटाला थिएटर रिकामं, शेवटच्या रांगेत एकटी मी. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

ह्यांना बघायला समोर कोणी उरलंच नाही. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, शेवटी खुर्ची उचलून पडद्याकडे फिरवली आणि बसले.

माझे कान त्या खुर्चीकडे. घरातली सगळ्यात करकरणारी खुर्ची ती, नुसता श्वास घेतला तरी वाजते. पडद्यावर मी कासवाला झापत होते, "इतके दिवस होतास कुठे रे? मी इथेच बसलेय ना!"

उरलेली चार मिनिटं ती एकदाही वाजली नाही.