सोनीला दिलेली ओव्याची धुरी

कम्युनिटीतल्या मंडळींनो, आज सकाळी आमची सोनी गेली. सोनी म्हणजे आमची पाळलेली कोंबडी. दिवसभर माझ्या बायकोच्या पायात घुटमळायची.

काल संध्याकाळी ती चोच उघडी टाकून श्वास घ्यायला लागली. छाती घरघरत होती. आमच्याकडे लहान पोराला सर्दी झाली की ओव्याची धुरी देतात. बायकोने निखाऱ्यावर ओवा टाकला, वर टोपलीत सोनीला ठेवलं. मीच म्हणालो, "अजून थोडा टाक गं."

सकाळी मी एकटाच तिला गंगापूर रोडला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

"धूर दिला का बाबा? पक्ष्यांना तो सोसत नाही हो," ते म्हणाले. सुई भरेपर्यंत सोनीने मान टाकली.

घरी बायको दारातच उभी होती. टोपली बघून खाली बसली. म्हणाली, "अहो, धुरीने रात्री तरी तिला जरा बरं वाटलं असेल ना?"

मी म्हणालो, "हो, वाटलं असेल."

तिला वाचता येत नाही, म्हणून इथे लिहितोय. खरं सांगायला हवं होतं का हो?