टोपल्यावरचं नाव

लोक म्हणतात, त्या काळात खामगावच्या कॉलेजात पोरींसाठी पोरं लढली. लढली, बरं का! घसा बसेपर्यंत लढली. ज्या तिघींसाठी लढली त्यांतली एकही पुढं त्या कॉलेजात राहिली नाही, एवढंच. त्या तिघींतली एक मी.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. मी उंद्रीची, मळेवाल्याची पोर. आमची वांगी, मिरच्या अन् सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या खामगावच्या बाजारात जायच्या, अन् मी तिथंच आत्याकडं राहून शिकत होते. आमच्या घराण्यातून कॉलेजात गेलेली मी पहिली, अन् ते निव्वळ बाबांमुळं. बाबांना वाचता येत नव्हतं. मी चौथीत गेल्यापासून घरात आलेला हरेक कागद मीच वाचायचे. सोसायटीचा असो, तलाठ्याचा असो, मामाचं पत्र असो. गावात सगळ्यांची पत्रं डाकवालाच फोडून वाचून दाखवायचा. आमच्या दारात आला की बाबा त्याला थांबवायचे. "तू फक्त दे गा. वाचाले माहा मास्तर घरी हाये." मास्तर म्हणजे मी. तेव्हा माझी छाती अशी फुगायची की विचारू नका.

टोपल्यांचं आधी सांगते. मोटारीच्या टपावर चार गावांचा माल चढायचा अन् उतरवताना टोपल्यांची सरमिसळ व्हायची. रोजची भांडणं. म्हणून पाचवीत असताना मी डांबरात काडी बुडवून आमच्या प्रत्येक टोपल्याच्या काठावर नाव घातलं. बाबांचं घालणार होते. बाबाच म्हणाले, "माहं काऊन? तुहं लिही, बाई." माझं नाव तीन अक्षरांचं. टोपली ओळखता ओळखता ती तीन अक्षरं बाबांच्या डोळ्यांत बसली. जगातली तेवढीच अक्षरं त्यांना येत होती.

आता कॉलेज. एवढ्या पोरांत आम्ही तिघी. प्राध्यापक वर्गाकडं निघाले की त्यांच्या मागून आत जायचं, ते निघाले की त्यांच्या मागून बाहेर यायचं. मधल्या वेळी व्हरांड्यातल्या खांबापाशी चोरासारखं उभं राहायचं. अन् पोरींसाठी संडास नव्हता. झालं, लिहिलं एकदाचं! तेव्हा हा शब्द लिहायची हिंमत झाली असती तर आज हे लिहायला बसले नसते. आम्ही सकाळपासून पाण्याचा घोट घेत नव्हतो. अगदीच सहन होईना झालं की शिपायाच्या बायकोच्या दारात जाऊन उभं राहायचं. ती माउली काही न विचारता मागच्या अंगणाकडं बोट दाखवायची.

शेवटी आम्ही प्राचार्यांना अर्ज केला. अक्षर माझं बरं, म्हणून लिहिला मी अन् पहिली सहीही माझीच. ‘मुलींना बसण्यासाठी स्वतंत्र खोली मिळावी.’ बास. पुढचं लिहायला तिघींचाही हात धजेना. खोली झाली म्हणजे बाजूला तेही बांधतीलच, असं आमचं ठरलं. केवढं शहाणपण!

दोन महिने अर्जाला कुणी हात लावला नाही. मग कॉलेजच्या निवडणुकीला उभं राहणाऱ्या एका पोराच्या कानावर तो गेला. बड्या शेतकऱ्याचा पोरगा, टेरिलिनचा शर्ट, बोलायला पटाईत. पाण्याच्या टाकीवर चढून त्यानं भाषण ठोकलं. "आमच्या भगिनी उन्हात उभ्या राहतात अन् आपण सावलीत बसतो!" टाळ्याच टाळ्या. पोरांनी फाटकाला बैलाची साखळी आणून बांधली, घंटा काढून विहिरीत टाकली, प्राचार्यांच्या खुर्चीला जोड्यांची माळ घातली. ‘भगिनींना खोली मिळालीच पाहिजे!’ ह्या घोषणेनं सगळा परिसर दणाणून गेला. आम्ही तिघी तशाच खांबापाशी उभ्या. एकानंही आमच्याजवळ येऊन विचारलं नाही, की बायांनो, तुम्हाला नेमकं पाहिजे काय? पण खोटं कशाला बोलू, मला तेव्हा आनंद झाला होता. आपल्या एका सहीनं एवढं मोठं कॉलेज बंद पडलं, म्हणून अंगावर काटा आला होता. त्या काट्याची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी काचा फुटल्या, पोलिसांची गाडी आली, अन् कॉलेज बेमुदत बंद झालं. शिपायाची बायको म्हणाली, "आता येऊ नका बायांनो. साहेब आमच्यावरच डोळे काढून राह्यले." म्हणजे होतं तेही गेलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. बाजाराच्या दिवशी मी बाबांपाशी जायचे, त्यांच्यासोबत भाकर खायचे अन् आत्यासाठी भाजी घेऊन यायचे. गेले तर बाबा नेहमीच्या भिंतीला पाठ लावून बसलेले अन् पुढची वांगी तशीच पडलेली. त्यांच्या डोक्यावर, सिनेमाच्या कागदाशेजारी, एक मोठा कागद डकवलेला होता. लाल शाईनं लिहिलेला. ‘भगिनींवरील अन्याय सहन करणार नाही!’ खाली आमच्या अर्जाची नक्कल अन् तिघींची नावं, गावासकट. पहिलं माझं. भर बाजारात.

बाबा म्हणाले, "बरं झालं आली. सकाळपासून लोकं हा कागद वाचून राह्यले अन् मह्याकडं पाहून हसून राह्यले. वाच बरं, काय लिहेलं हाये."

मी वाचलं. कॉलेजात खोली पाहिजे, पोरांनी संप केला, सगळं वाचलं. नावांपाशी आले अन् थांबले.

"खाली काय हाये?"

"काही नाही. पोरांची नावं हायेत."

"पोरांची?"

"हाव."

बाबा उठले, रिकामं टोपलं उचललं अन् कागदाशी नेऊन धरलं. टोपल्याच्या काठावरच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, मग कागदावरच्या. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. अगदी सावकाश, घाई अशी नाहीच. मग माझ्याकडं वळून विचारलं, "हे अन् हे एकच हाये न?"

शेजारची भाजीवाली तोंडाला पदर लावून पाहत होती.

"ट्रंक घेऊन ये आत्याकडून," बाबा म्हणाले. "पाचची मोटार सापडली पाहिजे."

मोटारीच्या फाट्यावर मी सगळं सांगून टाकलं. खांब, पाणी न पिणं, शिपायाच्या बायकोचं दार. बापासमोर जे बोलू नये ते बोलले. बाबा मान खाली घालून ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जिंकले.

"हे मले आधी काऊन नाही सांगतलं, बाई? मी त्या साहेबाच्या पाया पडलो असतो. त्या कागदावर तुहं नाव आलं, लोकं हसले, त्याचंही मी काही मनाले लावलं नसतं. हसतीन अन् गप होतीन." मग म्हणाले, "पर तू मले खोटं वाचून दाखवलं. आजलोक तू जे जे वाचलं त्याच्यावर मी अंगठा देला. आता त्यातलं खरं कोणतं, खोटं कोणतं, हे मी कोणाले विचारू?"

आधीचा एकही कागद मी खोटा वाचला नव्हता, शप्पथ. पण ते सांगणार कोण, तर मीच. अन् माझ्या सांगण्याला आता काय किंमत होती? दुसऱ्या दिवशी बाबांनी सगळ्या टोपल्यांवरच्या माझ्या नावावर डांबराचा बोळा फिरवला. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. उरलेल्या दोघींतल्या एकीला भाऊ घेऊन गेला, दुसरीला घरच्यांनी परत पाठवलंच नाही. पोरांनी मात्र माफीनामे लिहून दिले अन् झाडून सगळे पुन्हा वर्गात बसले. टेरिलिनवाला निवडूनही आला.

ती खोली मी पाहिली, पण कितीतरी वर्षांनी, भाचीचं नाव घालायला गेले तेव्हा. दारावर पाटी होती. आत एक मोठा आरसा, दोन खुर्च्या अन् छतापर्यंत रचलेले मोडके बाक. मी खोलीभोवती फिरून पाहिलं. संडास नव्हता. असणार कुठून? आम्ही मागितलाच नव्हता, अन् आमच्यासाठी ओरडणाऱ्यांना तो पाहिजेही नव्हता. भाचीला म्हटलं, घरून जाऊन येत जा, अन् तिथंच भिंतीला धरून रडले. मी तिलाही तेच शिकवलं, पाणी न पिता राहायचं.

पण मला जे रात्रंदिवस आठवतं ते ही खोली नाही. लग्नाच्या महिनाभर आधीचं आहे.

दुपारची वेळ होती. मी दारात गहू पाखडत बसले होते. डाकवाला आला अन् सवयीनं पत्र बाबांच्या हातात देऊन निघाला. बाबांनी पाकीट पाहिलं. वर माझं नाव होतं. ती तीन अक्षरं त्यांना येत होती. मी सूप खाली ठेवलं अन् हात पुसले.

बाबांनी डाकवाल्याला हाक मारून परत बोलावलं. "वाच गा."

डाकवाल्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा बाबांकडं. मग वाचलं. कॉलेज सुरू झालं आहे, मुलींसाठी खोलीचं काम मंजूर झालं आहे, पंधरा दिवसांत हजर झालं नाही तर नाव कमी करण्यात येईल.

मी पाच पावलांवर होते. मला वाटत होतं, बाबा आता वळतील. नुसते वळले असते तरी मी धावत गेले असते.

बाबांनी कागद परत मागून घेतला, उलटसुलट करून पाहिला अन् डाकवाल्याला विचारलं, "भाऊ, खरं वाचलं न?"