सात फुसकी काडतुसं

सौदीतल्या रास अल खैरला मी अकरा महिने काढले, आणि त्यातला एकही दिवस असा गेला नाही की त्या माणसाचं वाईट व्हावं असं मला वाटलं नाही. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात मी व्हॉल्व्ह बसवायचो. पान्याला जोर लावताना डोळ्यांसमोर त्याचा चेहरा आणला की नट चांगला आवळला जायचा.

तो माणूस पुण्याचा. मी चिपळूणकडचा. सतरा वर्षं फौजेत आर्मरर होतो, म्हणजे बंदुका-पिस्तुलं उघडायची, साफ करायची, दुरुस्त करायची आणि दारूगोळा तपासायचा. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि खमीस मुशैतला एका सौदी म्हाताऱ्याकडे नोकरीला लागलो. म्हाताऱ्याची पहारेकरी पुरवणारी कंपनी होती आणि गावाबाहेर डोंगराच्या कुशीत नेमबाजीची रेंज. परवाना असलेले सौदी लोक तिथे सरावाला यायचे. हत्यार हातात घेऊन उभं राहायचं ते त्यांनी, आम्ही परदेशी फक्त देखभालीला. पुण्याचा माणूस मॅनेजर होता. काडतुसं मागवणं, साठवणं, वाटणं सगळं त्याच्या हातात. मी त्याला साहेब म्हणायचो, तो मला अरे-तुरे करायचा. वयाने तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता.

पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं की सरावाची काडतुसं आणि पहाऱ्याची काडतुसं एकाच पत्र्याच्या कंटेनरमध्ये पडलेली आहेत. सरावाची म्हणजे वापरलेल्या पुंगळ्यांत पुन्हा दारू भरून केलेली. ती लक्ष्यावर मारायला ठीक. एखादं उडालं नाही तर माणूस हसतो आणि दुसरं घेतो. पण जिवावर बेतल्यावर हसायला वेळ नसतो. वर त्या कंटेनरचा एसी बंद. खमीसला दुपारी पत्रा तापतो आणि सकाळी धुकं उतरतं. पितळेवर हिरवट डाग धरले होते.

मी साहेबाला सांगितलं, "साहेब, पहाऱ्यासाठी कारखान्यातून आलेला सीलबंद माल वेगळा ठेवा. हा जुना झालाय."

तो म्हणाला, "नवीन मागवायचा तर सरकारी परवानगी, तसरीह, काढावी लागते. किती शिक्के लागतात माहितीय तुला?"

दोन आठवड्यांनी मी पुन्हा गेलो. या वेळी हातात दोन काडतुसं घेऊन गेलो आणि त्याच्या टेबलावर शेजारी शेजारी उभी केली. एक दुसऱ्यापेक्षा बुटकं होतं. पहारेकरी रोज कामावर येताना पिस्तूल भरतो, जाताना रिकामं करतो. तेच एक काडतूस रोज चेंबरमध्ये आदळतं आणि गोळी हळूहळू पुंगळीत आत दाबली जाते. असं काडतूस अडकतं, किंवा उडालं तर पिस्तुलालाच इजा करतं. हे सगळं मी समजावून सांगितलं. त्याने दोन्ही काडतुसं ड्रॉवरमध्ये सरकवली.

"तू देखभालीचा माणूस आहेस. देखभाल कर," तो म्हणाला.

त्यानंतर महिनाभरातच ती गोष्ट घडली. आमचा एक सौदी पहारेकरी, तिशीचा, अबोल मुलगा, शहराबाहेरच्या गोदामावर होता. सकाळच्या धुक्यात तिघं जण तांब्याची केबल चोरायला आले. एक जण लोखंडी गज घेऊन त्याच्या अंगावर धावला तेव्हा त्याने पिस्तुलाचा घोडा दाबला. टक असा आवाज झाला, बस. त्याने स्लाइड ओढून ते काडतूस बाहेर फेकलं, तर दुसरं चेंबरच्या तोंडाशी तिरकं अडकलं. गज मनगटावर बसला, मग पुन्हा एकदा बसला. चोर पळाले. मुलगा वाचला, पण उजव्या हाताची बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत.

मॅनेजरने लेखी दिलं की पिस्तूल साफ केलेलं नव्हतं. मला कुणी विचारलं नाही. मला कळलं ते कॅन्टीनमध्ये. इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, कंपनीच्या हातात, त्यामुळे तोंड उघडण्याचा प्रश्नच नव्हता. कामात हलगर्जीपणा केला म्हणून मुलीच्या साखरपुड्यासाठी मिळालेली माझी रजा रद्द झाली आणि मला रास अल खैरच्या कंत्राटावर पाठवून दिलं. निघायच्या दिवशी त्या मुलाचा बाप आम्ही राहायचो त्या कॅम्पच्या फाटकाशी उभा होता. मी सलाम केला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि सलामाला उत्तर न देता तो निघून गेला. सौदी माणूस सलामाला उत्तर देत नाही म्हणजे काय, हे इथे राहिलेल्यालाच कळेल.

माझ्या मुलीचा साखरपुडा मी फोनवर पाहिला. बायकोने फोन कुणाच्या तरी हातात दिला होता, त्यामुळे अर्धा वेळ मांडवाचं छतच दिसत होतं. मुलीला पेढा भरवताना बायको कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही असतात तर बरं झालं असतं." मी हो म्हणालो आणि कामावर गेलो.

अकराव्या महिन्यात मला खमीसहून फोन आला. तो जखमी मुलगाच बोलत होता. आता तो म्हाताऱ्या मालकाची गाडी चालवायचा, डाव्या हाताने गिअर टाकायला शिकला होता. मालकाच्या मझऱ्यावर, म्हणजे शेतावरच्या घरी, कुणीतरी कुंपण तोडून आत शिरलं होतं. मालकाकडे परवान्याचं पिस्तूल होतं. रेंजवर सराव करताना त्यातलं एक काडतूस उडालंच नाही.

"मी बाबांना, आपल्या मालकांना, सांगितलं," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "तो हिंदुस्थानी मला बोलला होता, गोळ्या बदलून घे. मीच ऐकलं नाही."

हे खरं होतं. त्याला मी बोललो होतो. तो ते विसरला असेल असं मी धरून चाललो होतो.

मालकाने मला परत बोलावलं. आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणायचो. त्यांनी पिस्तूल माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "याच्यासाठी भरवशाच्या गोळ्या निवड. जाहिरात मला नको."

ते काम मी जसं केलं तसं आयुष्यात कुठलंच केलं नसेल. आधी बाबांचा हात पाहिला. संधिवाताने बोटं सुजलेली, म्हणजे जोराचा धक्का देणारं काडतूस बाद. मग घर पाहिलं. भिंती पातळ, पलीकडच्या खोलीत नातवंडं झोपतात. साधी टणक गोळी माणसातून आणि भिंतीतून आरपार जाते, तेव्हा टोकाला पोकळ असलेली, आत शिरल्यावर फुलणारी गोळी बरी. पण बाबांचं पिस्तूल जुनं. काही पोकळ टोकाच्या गोळ्या त्याच्या चेंबरच्या उतारावर अडायच्या. परवानाधारक दुकानातून बाबांनी चार प्रकारची काडतुसं आणवली, सगळी सीलबंद, प्रत्येक प्रकार एकाच खेपेचा. मी एकेक काडतूस उजेडात फिरवून पाहिलं. पुंगळीला पोचा नाही ना, बुडाची टोपी वाकडी बसलेली नाही ना. बाबा रोज असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर रेंजवर यायचे आणि मारायचे. एक प्रकार तिसऱ्याच मॅगझिनला अडकला. दुसऱ्याचा धक्का त्यांना सोसेना. तिसरा बरा होता, पण दीडशेत दोनदा अडला. चौथ्याची दोनशे काडतुसं त्यांनी आठ दिवसांत मारली, एकही अडलं नाही. दिसायला ते सगळ्यांत साधं होतं.

"हेच," मी म्हणालो. "पण वरचं काडतूस रोज काढून घालू नका. वर्षाने सगळी सरावात संपवा आणि नवीन घ्या. आणि त्यांना तेल लागू देऊ नका."

"तेलाने काय होतं?"

"टोपीत मुरतं. मग ती पेटत नाही."

बाबांनी उरलेली काडतुसं खोक्यात ठेवली. मग म्हणाले, "आपल्या पहारेकऱ्यांना जी देतो तीही अशीच मारून पाहू. उद्या. मुदीरलाही बोलाव." मुदीर म्हणजे मॅनेजर.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजर माझ्या खोलीवर आला. कॅम्पमधल्या माझ्या खोलीत तो यापूर्वी कधीच आला नव्हता. हातात डबा होता. बायकोने थालीपीठं दिली होती म्हणे. तो पलंगाच्या काठावर बसला आणि पहिल्यांदाच मला अहो म्हणाला.

"अहो, झालं ते झालं. आज तुम्ही फार काही बोलू नका. जुना स्टॉक आहे एवढंच म्हणा. मी तुम्हाला इथे कायमचं परत घेतो. मुलीचं बारावीचं वर्ष आहे हो माझ्या."

मी म्हणालो, "माझ्या मुलीचा साखरपुडा झाला."

"अरे वा, अभिनंदन."

त्याला कळलं नाही. मला वाटतं ते सगळ्यांत वाईट होतं. कळून सवरून त्याने माफी मागितली असती तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही. मी डबा त्याच्या हातात परत दिला आणि आंघोळीला गेलो.

असरनंतर आम्ही रेंजवर जमलो. बाबा, मॅनेजर, तो जखमी मुलगा आणि मी. कंटेनरमधून पन्नास काडतुसं काढायची होती. काढायला मलाच सांगितलं. इथे मी एक गोष्ट कबूल करतो. दाराजवळचा खोका बऱ्यापैकी होता. मी मागच्या भिंतीचा, पत्र्याला चिकटलेला खोका उचलला. तोही पहाऱ्यालाच जायचा, त्यात खोटं काही नव्हतं. पण मी निवडून उचलला.

काडतुसं चकचकीत होती. हिरवे डाग गेले होते. हाताला लावून पाहिलं तर बोटं बुळबुळीत. मॅनेजरने सगळा माल तेलाच्या फडक्याने पुसून घेतला होता, नवा दिसावा म्हणून.

रेंजवरच्या सौदी प्रशिक्षकाने मारायला सुरुवात केली. चौथं काडतूस टक झालं. उडालं नाही की पिस्तूल लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचं असतं, कारण कधी कधी ते उशिरा पेटतं. अकरावं टक. पुन्हा अर्धा मिनिट. मी प्रत्येक फुसकं काडतूस पांढऱ्या कापडावर ओळीने मांडत गेलो. पन्नासात सात. जखमी मुलगा कापडाकडे बघत होता आणि त्याचा डावा हात उजव्या मनगटावर होता.

बाबांनी मला विचारलं, "याला माहीत होतं?"

मी मॅनेजरकडे पाहिलं. माल जुना आहे हे त्याला माहीत होतं. तेलाने काय होतं हे बहुधा माहीत नसावं.

"मी तीनदा सांगितलं होतं," मी म्हणालो.

मी दोनदा सांगितलं होतं. तिसरी वेळ मी माझ्या अकरा महिन्यांची लावली.

मॅनेजर मराठीत म्हणाला, "दोनदाच बोलला होतास तू." बाबांनी त्याचा अर्थ विचारला. मी अर्थ सांगितला, शब्दन्‌शब्द. म्हणजे सांगितलं होतं हे त्याने स्वतःच्या तोंडानेच कबूल केलं होतं. बाबा म्हणाले, "खलास," आणि गाडीकडे निघाले.

पंधरा दिवसांत त्याला एक्झिट व्हिसा लावून घरी पाठवलं. मुलीला वर्षाच्या मध्येच शाळा सोडावी लागली. सामान बांधायच्या दिवशी मी त्यांच्या इमारतीखाली कागदांवर सह्या घ्यायला गेलो होतो. मुलगी खोके उतरवत होती. "हॅलो अंकल," ती म्हणाली. मी मान हलवली. वाईट वाटेल अशी माझी अपेक्षा होती. त्या दिवशी मी दोन वेळचा भात एका वेळी जेवलो आणि गाढ झोपलो.

जखमी मुलाला मी विचारलं होतं, बरं वाटलं का. तो म्हणाला, "तुला बरं वाटलं. माझी बोटं तशीच आहेत."

मॅनेजरची जागा मला मिळाली. सगळा जुना माल मी नियमाप्रमाणे नष्ट करायला पाठवला आणि नवीन मागवायला निघालो. तसरीहसाठी खरंच खूप शिक्के लागतात. एका खिडकीवरून दुसरीकडे, तिथून शेजारच्या अब्हा शहराला, तिथून परत. चार महिने पहाऱ्याच्या जागांवर पिस्तुलंच नव्हती आणि बाबा माझ्यावर रोज चिडायचे. तो माणूस का टाळायचा हे मला त्या चार महिन्यांत समजलं. समजल्याने राग कमी झाला नाही. मी तर टाळलं नव्हतं.

मागच्या महिन्यात त्याचा मेसेज आला. पुण्यात नोकरी शोधतोय, अनुभवाचं पत्र हवंय, वागणूक आणि काम समाधानकारक होतं एवढी एक ओळ टाकलीत तर उपकार होतील. बाबांनी मला सांगितलं, तुला वाटेल तसं लिही.

मी तीन दिवस घेतले. मग लेटरहेडवर तो कुठल्या पदावर होता ते लिहिलं, कधी आला आणि कधी गेला ते लिहिलं. काम कसं होतं त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. अशा पत्रात ती ओळ नसली की नोकरी देणारा काय ते समजतो. शिक्का मारला, फोटो काढला आणि पाठवला. त्याने आभार मानले. मी ते वाचलं आणि उत्तर दिलं नाही.