किल्ली खाली पोहोचेपर्यंत

घरातून निघालेल्या माणसानं मागे फिरू नये, यावर माझ्या वडिलांचा ठाम विश्वास. आणि स्कूटरची किल्ली फ्रिजवर विसरून निघायचं, ही त्यांची तितकीच ठाम सवय. त्यामुळे सुदामा नगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून ती किल्ली वर्षानुवर्षं खाली फेकली जाते. "चाबी फेक गं" अशी हाक आली की जो रिकामा असेल त्यानं गॅलरीत जायचं. बाबा खाली ओंजळ करून ती झेलतात. तरुणपणी ते ऑफिसच्या टीमचे विकेटकीपर होते, हे अजून दूधवाल्यालासुद्धा ऐकावं लागतं.

मी कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. पडणाऱ्या वस्तूचं गणित आलं की हीच किल्ली फळ्यावर आणते. गॅलरीपासून ओंजळीपर्यंत आठ मीटर. आठ दुणे सोळा, भागिले दहा, त्याचं वर्गमूळ. सव्वा सेकंद. किल्ली जड असो की हलकी, उत्तर तेच. पोरं जांभया देतात, त्यांचं बघून मलाही येते.

या उन्हाळ्यात एका रविवारी मी किल्ली फेकली आणि ती खालच्या फरशीवर वाजली. त्यात वाईट काही नव्हतं, कॅच कुणाचाही सुटतो. पण आवाज आला तेव्हा बाबांचे हात कमरेशीच होते. मग हात वर आले, त्यांची ओंजळ झाली, आणि ती रिकामी ओंजळ बाबा बघत राहिले. हात उशिरा आले, हे मी आत जाऊन आईला सांगितलं.

"धूप आली असेल डोळ्यांवर," आई म्हणाली. "तुझी फिजिक्स क्लासमध्येच ठेव."

पुढच्या रविवारी संध्याकाळ होती, गल्लीत सगळी सावली. पुन्हा तेच. घाबरले की मला आधी राग येतो.

"लक्ष कुठे असतं तुमचं?" मी वरून ओरडले.

"अरे, तूच टेढी फेकलीस," बाबा हसत म्हणाले आणि सावकाश वाकले. मी सरळ फेकली होती.

माझी नऊ वर्षांची लेक रोज संध्याकाळी त्याच स्कूटरवर आजोबांच्या मागे बसून स्विमिंगला जाते. त्या वेळी मी क्लासमध्ये असते. दुसऱ्या दिवशी पोरं टेस्ट लिहीत होती आणि मी एका कोऱ्या कागदावर गणित मांडलं. हात निदान अर्धा सेकंद उशिरा आले होते. चाळीसच्या स्पीडला स्कूटर तेवढ्यात साडेपाच मीटर जाते. म्हणजे समोर काही आडवं आलं, तर तेवढं अंतर ती स्कूटर कुणीच चालवत नसतं. मी दोनदा तपासलं, कारण चूक निघावी असं मला मनापासून वाटत होतं. चूक निघाली नाही.

आईला सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती.

"स्कूटर काढून घेतलीस तर घरात बसून झुरतील ते. आणि आजवर कुठे धक्का तरी लागलाय का?"

खरंच लागला नव्हता. पाटनीपुऱ्याच्या गर्दीतून जाऊनसुद्धा स्कूटरवर साधा ओरखडा नव्हता. आईच्या या एका वाक्यावर मी चार दिवस ढकलले. आपल्याला हवं ते कुणी बोललं की गणित शिकवणारी माणसंसुद्धा मान डोलावतात.

पाचव्या दिवशी क्लासला सुट्टी होती. खालून हाक आली. मी फ्रिजवरची किल्ली उचलली. लेक दारात बसून बुटांचे बंद बांधत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आजोबा स्कूटर कशी चालवतात गं?

"मस्त," ती म्हणाली. "मी ब्रेक सांगते ना त्यांना."

"म्हणजे?"

"समोर कुणी आलं की मी म्हणते, आजोबा, ब्रेक. मग ते दाबतात. पहले नाही सांगायला लागायचं." तिनं दुसरा बूट ओढला. "बस, थोडं आधीच म्हणायचं असतं, मम्मा. कुणी एकदम जवळ आल्यावर म्हटलं ना, तर लेट होतं."

खालून पुन्हा हाक आली. मी लेकीला बूट काढायला सांगितलं आणि किल्ली मुठीत धरून गॅलरीत गेले. खाली बाबा वर बघत, हात पुढे करून उभे होते. त्यांना काय सांगायचं, हे माझं अजून ठरलं नव्हतं.