बादलीच्या कडीची चिंधी

बादलीच्या कडीला चिंधी गुंडाळलेली होती, आणि ती मी गुंडाळलेली नव्हती.

परवाची सकाळ. यांचं वर्षश्राद्ध. गॅसवर खिरीचं दूध, परातीत वड्यांचं पीठ, अंगण अजून झाडायचं, त्यात गुरुजींचे फोन. मी न्हाणीतून पाणी आणायला गेले आणि हाताला मऊ लागलं.

यांच्याच जुन्या बनियनची चिंधी. घट्ट गुंडाळलेली, वर सुतळीची गाठ.

घरात आम्ही दोघीच. मी आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. मी बांधली नाही, म्हणजे त्यांनी.

दुसऱ्या कुणाच्या घरी एवढ्याशा चिंधीचं कुणी मनावर घेतलं नसतं. आमच्या घरी चिंधी हा गंभीर विषय होता.

आमचे हे नेमकं काय काम करायचे, ते ही पोस्ट वाचणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांना शेवटपर्यंत कळलं नाही. श्रीगोंद्याकडच्या आमच्या गावात त्यांना खुर्चीवाले साहेबच म्हणायचे.

"वहिनी, विलासभाऊ कंपनीत जाऊन करत्यात काय?"

"खुर्च्या वर-खाली करतात."

"आन् तेवढ्यासाठी कंपनी बोलावती व्हय?"

"बोलावती. चहापण देती."

खरं काम असं होतं, की माणूस जिथे आठ तास राबतो ती जागा त्याच्या अंगाला सोसेल अशी करून द्यायची. टेबल किती उंच, दांडा किती जाड, घाईत हात चुकला तर बोटं कुठे जातील. एर्गोनॉमिक्स म्हणतात. मी सातवी शिकलेली. हा शब्द पहिल्यांदा त्यांच्या रिपोर्टमध्ये वाचला. प्रत्येक रिपोर्ट आधी मला वाचायला द्यायचे. "तू जिथे अडशील, तिथे मालकपण अडणार," म्हणायचे.

त्यातून वाचायची सवय लागली. ती राहिली.

वर्कशॉपमध्ये गेले की ते मशीनकडे नंतर बघायचे. आधी चिंध्या शोधायचे. दांड्याला कुणी काय गुंडाळलंय, पायाखाली कुणी वीट घेतलीय. जिथे चिंधी, तिथे त्रास. कामगाराला विचारलं तर तो "काय त्रास नाही साहेब" म्हणणार. मालक शेजारीच उभा असतो ना.

एकदा नगरच्या एमआयडीसीतून आले ते न जेवताच बसले.

"आज काहीच दिसलं नाही. मी येणार म्हणून मालकानं सगळं आवरून ठेवलं. वर मलाच म्हणतो, बघा साहेब, कसं चकाचक!"

"मग आता?"

"आता काय, न सांगता जाईन परत."

तर, ती चिंधी बघितली आणि वाटलं, आत्यांना विचारायला हवं.

पण दूध उतू चाललं होतं.

तेवढ्यात पुण्याहून दीर आणि जाऊबाई आले. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, म्हणून उशीर झाला म्हणाले. जाऊबाई कामाला वाघ. "ताई, तुम्ही स्वयंपाकाचं बघा, मी आवरते." न्हाणीपासून देवघरापर्यंत तिनं सगळं लख्ख केलं.

जेवणं चालली होती तेव्हा न्हाणीत आवाज झाला.

आत्या फरशीवर बसलेल्या. बादली आडवी. पाणी उंबऱ्यापर्यंत.

कडीची नुसती तार.

मनगट सुजलं. मोडलं नाही म्हणाले डॉक्टर. पण पाहुण्यांसमोर पडल्या, ते त्यांना जास्त लागलं.

संध्याकाळी दिरांनी विषय काढला. "वहिनी, तुमचं लक्ष कुठं होतं? आईला उद्या आम्ही घेऊन जातो. तिकडं बाई ठेवू. आईनं नुसतं बसून राहायचं."

"नुसतं बसायला मला काय झालंय?" आत्या भिंतीला टेकून होत्या. "विलास ह्या घरातून गेला. मी बी हितूनच जाईन. मला न्हाई यायचं तुझ्या पाचव्या मजल्यावर."

"आई, हट्ट नको. पुन्हा पडलीस म्हणजे?"

वर्षभर सगळ्यांना उत्तरं देऊन मी थकले आहे. खरं सांगते, क्षणभर वाटलं, जाऊ दे. नेऊ देत.

मग यांचं बोलणं आठवलं. माझ्या हातून काही सांडलं की सगळं घर विचारायचं, लक्ष कुठंय? हे विचारायचे, "आड काय आलं?" आणि खरंच वाकून बघायचे.

मी उठले. मागच्या दारी जाऊबाईनं कचऱ्याची गोणी ठेवली होती. चिंधी त्यातच होती. शिवाय गॅसच्या बटणावर चढवलेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. डब्यांच्या झाकणांना बांधलेल्या दोऱ्या. ओढायला सोपं जावं म्हणून कपाटाच्या कडीत अडकवलेली सुतळी.

हे सगळं मी रोज बघत होते. म्हातारं माणूस काहीतरी बांधत बसतं, एवढंच वाटायचं.

गोणी मी दिरांपुढे रिकामी केली.

"हे काय?"

"आत्यांचे हात. बोटं मिटत नाहीत त्यांची. ह्याच्या आधारावर सगळं करत होत्या, कधी पडल्या नाहीत. आज हे काढलं आणि आज पडल्या."

जाऊबाईचा चेहरा उतरला. "मला कचराच वाटला, ताई. लोक येणार म्हणून..."

"सगळ्यांनाच वाटतं. मालकांनापण वाटायचं."

दीर तो ट्यूबचा तुकडा बराच वेळ हातात फिरवत बसले. "दादाला दिसलं असतं," म्हणाले.

"हो."

"बरं. महिनाभर बघू."

"महिना कशाला?" आत्या म्हणाल्या. "सुनंदे, चहा टाक. ह्यांना उद्या लवकर निघायचं हाय."

अहो, वर्ष झालं. पोस्ट टाकायला उशीर झाला. आड कडीची तार आली होती. तुम्हाला नमस्कार.

दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी गेल्यावर मी तुमचा टेप काढला, आत्यांना भिंतीशी उभं केलं, मुठीपासून जमिनीपर्यंत मोजलं, आणि बादलीची कडी तेवढ्या उंचीवर येईल असा कट्टा न्हाणीत बांधायला गवंडी बोलावला.