निजलेला दाणा

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे पापुद्रेकाका म्हणत. रुग्णांच्या शरीरातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे आणि यंत्रावर त्यांचे असे पातळ पापुद्रे काढायचे, की फुंकर मारली तर उडून जातील, हे त्यांचं काम. उभा जन्म त्यात गेला. हात इतका बसलेला, की काप घेता घेता चहा गार झाला म्हणून कुरकुर करायलाही त्यांना सवड असे.

मग विभागातल्या मॅडमनी एक अभ्यास काढला. दुसऱ्याच कशानं मेलेल्या माणसांची जठरं घ्यायची आणि पावासारखी काप काप करून बघायची. काका वैतागले. "मेलेल्याच्या पोटात आता काय शोधायचंय, मॅडम?"

पण सापडलं की! जठराच्या भिंतीत मोहरीएवढी, फार तर वाटाण्याएवढी पांढरट गाठ. पन्नाशी उलटलेल्या चार-पाच जणांत एकाच्या तरी पोटात ती असायचीच, आणि त्या माणसाला जन्मात पत्ता नसायचा. तिचं नाव स्ट्रोमल ट्यूमर. काका म्हणायचे दाणा. हळूहळू मॅडमही दाणाच म्हणू लागल्या.

"मोठ्या, जीवघेण्या गाठीत जनुकाची जी चूक असते ना, तीच या दाण्यांतही बहुतेकदा असते," मॅडमनी सांगितलं. "पेशींना 'वाढा' म्हणणारं बटण चालू होऊन अडकलेलं."

"मग वाढत का नाहीत?"

"तेच तर नीट कळत नाही, काका. बहुतेक निजूनच राहतात."

त्यातलं 'बहुतेक' काकांनी कानाआड केलं.

पुढं काकूंना पित्ताचा त्रास झाला म्हणून पोटात दुर्बीण घातली, तर जठरात बारीकशी गाठ दिसली. घाबरू नका, पण वर्षभरानं पुन्हा दाखवा, असं डॉक्टर म्हणाले. काकूंचं तोंड एवढंसं झालं. काका मात्र हसत सुटले. "अगं, दाणा आहे तो! असे पोत्यानं पाहिलेत मी. निजलाय बिचारा, कशाला उठवायचं?"

काकू निर्धास्त झाल्या. का नाही होणार? डॉक्टर लांबून बघतो, आपला नवरा तर हातात घेऊन बघतो! घरात तो दाणा पाहुणाच होऊन बसला. काकांनी भांडं आदळलं की काकू म्हणायच्या, "हळू! पाहुणा निजलाय आमचा." वर्षं उलटली. एकदा-दोनदा त्यांनी विचारलं, "अहो, दाखवून येऊ या का?"

"तुझं आपलं काहीतरीच."

एका सकाळी ओट्यापाशी काकू भडभडा रक्त ओकल्या. ऑपरेशनमध्ये मुठीहून मोठी गाठ निघाली, आणि यकृतातही पसरलेली. ती गाठ तपासायला विभागात आली तेव्हा मॅडमनी काकांना यंत्रापाशी बसू दिलं नाही. जनुक तपासलं, तर चूक नेमकी अशा ठिकाणी, की या गाठींवरची नेहमीची गोळी तिथं लागूच पडत नाही.

काका भिंतीला टेकून खालीच बसले. आत्ता कुठं डोक्यात उजेड पडला. त्यांनी पाहिलेले दाणे दुसऱ्याच कशानं मेलेल्यांचे होते. ते निजलेलेच असणार! उठलेले यायचे ते वेगळ्या बरणीत, मोठी गाठ म्हणून. तीही कधीकाळी दाणाच होती, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. एवढी साधी गोष्ट, अरे देवा, एवढी साधी!

त्याच रुग्णालयातल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी जुने कागद चाळले. "वर्षभरानं यायला सांगितलं होतं. का आला नाहीत?"

काकांनी तोंड उघडलं, पण काकू आधीच बोलल्या. "हे रोज मागं लागायचे हो. मीच मेली हट्टी. मीच आले नाही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि तसं लिहून घेतलं. खोटं आहे ते, एवढं म्हणायचं होतं. काकांना म्हणता आलं नाही.

बाहेर आल्यावर काका भलत्याच दिशेनं चालू लागले. काकूंनीच त्यांचा हात धरला.

"का बोललीस तसं?"

"तुम्हाला याच लोकांत रोज कामाला यायचंय," काकू म्हणाल्या. "मला काय, थोडेच दिवस यायचंय."