मामंजींनी छत वाजवलं

माझे सासरे लढाईतले पदकवाले. तोफगोळ्यानं ढासळलेल्या खंदकातून त्यांनी नुसत्या हातांनी माती उपसून दोन जवान जिवंत बाहेर काढले होते. पलटणीतून सुटल्यावर ते चंद्रपूरकडं कोळशाच्या खाणीत लागले आणि म्हातारपणापर्यंत तिथंच राबले. म्हसवडजवळच्या आमच्या गावाला कौतुक पदकाचं. खाणीबद्दल कुणी कधी विचारलं नाही.

यंदा सव्वीस जानेवारीला शाळेनं त्यांना शौर्यावर बोलायला बोलावलं. भाषण मी लिहून दिलं, चांगलं दोन पानी. झेंडावंदन झालं, सगळी मोठ्या वर्गात बसली. मामंजी उठले आणि माझ्या दोन पानांची घडी करून त्यांनी खिशात घातली. तेवढ्यात चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, लढाईत भीती नाही का वाटली?

"लढाईत भ्यायला येळ कुठं मिळतोय? भ्यालो खाणीत. पैल्या दिवशी खाली उतरताना शेजारच्याचा हात असा दाबला, की त्योच रडाया लागला."

पोरं खिदळली, मामंजींना चेव आला. खाणीत छत काठीनं वाजवून बघतात, टणटण वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर पळायचं, असं सांगून त्यांनी कोपऱ्यातला झाडूचा दांडा उचलला आणि वर्गाचंच छत ठोकलं. बद्द. चार पावलं सरकून पुन्हा ठोकलं. तिथंही बद्द. मग ते हेडमास्तरांकडं वळून हळूच म्हणाले, "गुरुजी, पोरं भायेर काढा."

हेडमास्तर आधी हसले. मामंजी हसत नाहीत हे बघून त्यांनी पोरांना रांगेनं लिंबाखाली नेलं. खाऊ तिथंच वाटला. मला मात्र मान वर करवेना. शाळेनं पाहुणा म्हणून बोलावलं आणि आमच्या म्हाताऱ्यानं शाळाच रिकामी केली.

दोन दिवसांनी इंजिनिअर आले. त्यांनी हातोडीनं जरासं टकटक केलं आणि खाटेएवढा गिलावा धाडकन खाली आला, बरोबर पहिलीची पोरं बसायची तिथं. दुसऱ्या दिवसापासून वर्ग देवळाच्या मंडपात भरू लागले.

गावानं सत्कार ठरवला. हे कानावर येताच मामंजींनी सकाळची एसटी धरली आणि नणंदेकडं कोरेगाव गाठलं. मी फोन केला तर म्हणाले, "हितं उसाला तोड आलीया. मला येळ न्हाई."

शाल-नारळ मीच घेतला. नणंद नंतर सांगत होती, ते चार दिवस गुऱ्हाळावर बसून गरम गुळाची चव बघत होते.